सरकारी वकील व्हायचंय, सनद कुठली घेऊ?

पुण्यात एलएल.बी. करून जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करत होते, तेव्हा सनद कुठली घ्यावी हा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची घ्यायची, विषय संपला. आपल्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे एका वेळी एकाच राज्याच्या पटावर नाव राहतं. १५ जून २०११ पासून त्या कायद्याचं कलम ३० लागू झालं, तेव्हापासून त्या एका सनदेवर देशभर कुठेही उभं राहता येतं. अमेरिकेत सगळं उलटं. इथे प्रत्येक राज्याचं सर्वोच्च न्यायालय किंवा त्याने नेमलेलं मंडळ आपापली सनद देतं. तुम्ही कितीही राज्यांच्या सनदा घ्या, कुणी अडवत नाही. मात्र जिथली सनद नाही, तिथे तुम्ही वकील नाही.

लग्नानंतर इथे आले, जे.डी. ही इथली कायद्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कची सनद घेतली. आधी न्यूयॉर्क राज्यातल्या एका काउंटीच्या कायदा विभागात होते, नागरिकत्व मिळाल्यावर वॉशिंग्टनमधल्या एका फेडरल खात्यात लागले. राहते मेरीलँडमध्ये. आता मंडळाच्या गणपतीत हातात प्रसादाची डिश असतानाच कुणीतरी आपल्या लेकीला पुढे करतं, "ताई, हिला सरकारी वकील व्हायचंय. कुठल्या राज्याची परीक्षा सोपी?" परीक्षा सोपी की अवघड, हे यात बरंच नंतर येतं. आधी काय येतं, ते क्रमाने लिहिते.

१. पगार कोण देणार, ते आधी ठरवा

'सरकारी वकील' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एपीपी, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता, येतो, एमपीएससीची परीक्षा येते. इथे सरकारं तीन पातळ्यांवर आहेत आणि तिन्हींचे वकील वेगळे. फेडरल सरकारचे वकील न्याय खात्यात, यू.एस. अ‍ॅटर्नीच्या कार्यालयात आणि कामगार, कर, पर्यावरण, इमिग्रेशन अशा खात्यांत असतात. राज्याचे वकील अ‍ॅटर्नी जनरलच्या हाताखाली काम करतात. काउंटी-शहराच्या पातळीवर गुन्हे चालवणारे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी वेगळे, रस्ते-पाणी-कंत्राटांचे दावे लढणारा कायदा विभाग वेगळा.

सनदेचा निर्णय यावरच ठरतो. माझ्या पाहण्यातली निम्मी मुलं आधी कॉलेजच्या गावाची सनद घेतात आणि मग नोकरी शोधत हिंडतात.

२. फेडरल नोकरीला कुठलीही एक सनद पुरते

हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. फेडरल जाहिरातीत सर्वसाधारणपणे एवढंच लिहिलेलं असतं, की उमेदवार कुठल्याही राज्याच्या, प्रदेशाच्या किंवा डी.सी.च्या बारचा सक्रिय सदस्य हवा आणि त्याचं सदस्यत्व निर्वेध हवं. मोंटानाची सनद घेऊन मायामीत फेडरल खटला चालवता येतो. न्याय खात्याच्या अधिकाऱ्याला अमेरिकेचं हित सांभाळायला कुठल्याही राज्यात पाठवता येतं, असं फेडरल संहितेतच म्हटलं आहे. डी.सी.च्या न्यायालयाच्या नियम ४९ मध्येही फेडरल कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सूट आहे. त्या सवलतीच्या आधारेच मी न्यूयॉर्कच्या सनदेवर वॉशिंग्टनमध्ये बसते.

यामागचं तत्त्व एका जुन्या निकालात फार स्वच्छ दिसतं. फ्लोरिडात टॅम्पाला स्पेरी नावाचा एक पेटंट एजंट होता. तो वकील नव्हता, पण फेडरल पेटंट कार्यालयाने त्याला तिथे काम करायची परवानगी दिलेली होती. फ्लोरिडा बार म्हणाली, सनदेशिवाय वकिली करतोय, थांबवा. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की फेडरल सरकारने दिलेल्या परवानगीआड राज्याला येता येणार नाही. फेडरल कामापुरती राज्याची वेस आडवी येत नाही, ती अशी.

याला एक शेपूट आहे. सनद कुठलीही असली, तरी न्याय खात्याचा वकील ज्या राज्यात काम करतो, तिथले वकिली आचारनियम त्याला तिथल्या वकिलांइतकेच लागू असतात. १९९८ चा हा कायदा मॅकडेड यांच्या नावाने ओळखला जातो. ते पेनसिल्व्हेनियाचे काँग्रेस सदस्य. त्यांच्यावर फेडरल सरकारने भ्रष्टाचाराचा खटला भरला होता आणि ते त्यातून निर्दोष सुटले होते. सरकारी वकिलांच्या वागण्यावर त्यांचं एवढं बारीक लक्ष का गेलं, ते सांगायला नको.

३. राज्याची, काउंटीची नोकरी हवी तर तिथलीच सनद

इथे पळवाट नाही. ब्रुकलिनमध्ये गुन्हे चालवायचे तर न्यूयॉर्कची सनद, सॅक्रामेंटोत डेप्युटी अ‍ॅटर्नी जनरल व्हायचं तर कॅलिफोर्नियाची. पूर्वी रेशनकार्ड ज्या दुकानाला जोडलेलं असे तिथेच धान्य मिळायचं, तसं हे. घर न्यू जर्सीत एडिसनला आणि नोकरी मॅनहॅटनला असेल, तर घराकडे बघू नका, नोकरीकडे बघा.

गंमत म्हणून एक अपवाद सांगते. वॉशिंग्टन शहरात प्रौढांवरचे खून, दरोडे, घरफोड्या असे स्थानिक गुन्हे यू.एस. अ‍ॅटर्नीचं कार्यालयच चालवतं. डी.सी. राज्य नाही ना. म्हणजे ज्याला फौजदारी कोर्टात रोज उभं राहायची हौस आहे पण एका राज्याला बांधून घ्यायचं नाही, त्याने तिकडे जरूर नजर ठेवावी.

४. नागरिकत्वाचा प्रश्न सनद विचारत नाही, नोकरी विचारते

एका डच बाईंना कनेटिकटने नागरिक नसल्याच्या कारणावरून बारची परीक्षा नाकारली होती. १९७३ च्या ग्रिफिथ्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. तेव्हापासून फक्त नागरिक नाही म्हणून सनद अडवता येत नाही. याच्या भरवशावर एच-वन व्हिसा असलेली कितीतरी मुलं अभ्यासाला लागतात, सनद मिळवतात आणि मग फेडरल जाहिरातीतली नागरिकत्वाची ओळ वाचून खाली बसतात. फेडरल पगाराच्या तरतुदींतच बहुतेक अनागरिकांना बंदी असते. अपवाद आहेत, पण फार अरुंद. ग्रीन कार्ड रांगेत असताना शहराच्या किंवा काउंटीच्या कायदा विभागात जागा बघावी. तिथेही प्रत्येक ठिकाणचा नियम आधी विचारून घ्यावा. मी काउंटीत लागले ते आवडीने नव्हे, फेडरलचं दार तेव्हा बंद होतं म्हणून. पण काउंटीने जेवढं कोर्ट दाखवलं, तेवढं पुढे फेडरल खात्यात पाहायला मिळालं नाही. रस्त्यातल्या खड्ड्यात पडून पाय मोडलेल्या माणसाची उलटतपासणी एकदा करून पाहा. ज्युरी त्याच्या कुबडीकडे बघत असते आणि तुम्हाला काउंटीच्या डागडुजीच्या नोंदवह्या वाचून दाखवायच्या असतात.

५. आता परीक्षा

बरीच राज्यं युनिफॉर्म बार एक्झाम, म्हणजे यूबीई, घेतात. ती दोन दिवस चालते. दोनशे बहुपर्यायी प्रश्नांना निम्मे गुण, सहा निबंधवजा उत्तरांना तीस टक्के आणि दोन प्रत्यक्ष मसुद्यांना वीस. पेपर एकच, उत्तीर्णतेची रेषा मात्र ज्याची त्याची: मिनेसोटा, मिझुरी २६०; न्यूयॉर्क, डी.सी. २६६, टेक्सास २७०. गुण एका राज्यातून दुसऱ्यात नेता येतात, पण ते शिळे होतात. न्यूयॉर्क तीन वर्षांपर्यंतचेच घेतं.

आता वरचा क्रमांक दोनचा मुद्दा याला जोडून बघा. न्यूयॉर्कला बसून २६३ गुण मिळालेली मुलगी घरी रडत बसते. त्याच गुणांवर ती मिनेसोटाला अर्ज करू शकते, बाकीच्या अटी पुऱ्या केल्या तर तिथली सनद घेऊ शकते आणि ती सनद फेडरल खात्याला पूर्ण चालते. ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीला मात्र चालत नाही. निकाल एकच, पण एकीसाठी तो नापासाचा आणि दुसरीसाठी नोकरीचा.

आचारनियमांची एमपीआरई ही छोटी परीक्षा वेगळी असते. तिच्यातही न्यूयॉर्कला ८५ आणि कॅलिफोर्नियाला ८६ लागतात. कॅलिफोर्निया यूबीईत नाही, त्यामुळे तिथले गुण दुसरीकडे नेता येत नाहीत. तिथे फेब्रुवारी २०२५ च्या परीक्षेत संगणक यंत्रणा कोलमडली, मुलांची उत्तरं अर्ध्यात अडकली आणि शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. व्हर्जिनियाही यूबीईबाहेरच. रोनोकला कोट-टाय घालून, पण पायांत आवाज न करणारे रबरी तळव्यांचे बूट घालून पेपर लिहायची तिथली अनेक वर्षांची प्रथा ऐकली, तेव्हा मला आमच्या कॉलेजचे प्राचार्य आठवले. जुलै २०२६ पासून नेक्स्टजेन नावाची नवी परीक्षा काही राज्यांत सुरू होते आहे. सगळी राज्यं एकदम बदलत नाहीत, न्यूयॉर्कचा मुहूर्त २०२८ चा आहे. तेव्हा मोठ्या भावाच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका.

६. भारतातली एलएल.बी. घेऊन येणाऱ्यांसाठी

बरीच राज्यं अमेरिकन जे.डी. नसेल तर दारातही उभं करत नाहीत. आपल्या माणसांची वाट मुख्यतः दोन राज्यांतून जाते आणि दोघांचा विचार वेगळा आहे. न्यूयॉर्क तुमचं शिक्षण तपासतं. कायद्याचा अभ्यास किती वर्षं केला आणि त्यात काय शिकलात, दोन्ही बघतं. त्यातली एखादी उणीव २४ क्रेडिटचं एलएल.एम. भरून काढतं. एकच उणीव बरं का, दोन्ही नाहीत. त्या एलएल.एम.मध्ये कुठले विषय किती क्रेडिटचे हवेत हेही नियमात ठरलेलं आहे. 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स आणि तंत्रज्ञान' असलं आकर्षक नावाचं एलएल.एम. करून बसलेल्यांना परीक्षेला बसता येत नाही, हे इथे येऊन कळतं. कॅलिफोर्निया मात्र तुमची सनद बघतं. परदेशात रीतसर वकील असलेल्या माणसाला तिथे पुन्हा न शिकता परीक्षेला बसता येतं. म्हणजे एलएल.बी. झाल्यावर महाराष्ट्राची सनद घेतली की नाही, याला पुण्यात वाटतं त्यापेक्षा कॅलिफोर्नियात जास्त किंमत.

पण नोकरीचा प्रश्न तरीही उरतोच. फेडरल जाहिरातींत पुष्कळदा अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या कॉलेजची जे.डी. मागितलेली असते. फक्त एलएल.एम.वर सनद मिळेल, फेडरल नोकरी मिळेलच असं नाही. मी वय वाढलेलं असताना पूर्ण जे.डी.ला बसले ते यासाठी.

७. चारित्र्याची चौकशी परीक्षेपेक्षा लांबते

पास झालात की सनद मिळाली असं नाही. कॅरेक्टर अँड फिटनेस नावाचं प्रकरण त्यानंतर सुरू होतं. राहती घरं, नोकऱ्या, कर्ज, दावे, दंड, सगळं मागतात. न्यूयॉर्कमध्ये त्याशिवाय पन्नास तासांचं मोफत कायदेशीर काम दाखवावं लागतं. ते शिकत असतानाच उरकून टाकावं.

आपल्याकडच्या कागदांनी इथे जीव नको केला. मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. सनदेवर माहेरचं. पत्त्याच्या रकान्यात मी 'दत्तमंदिरामागे' लिहिलं, तर रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक द्या म्हणून अर्ज परत. त्या गल्लीला नावच नव्हतं! शेवटी भावाने पालिकेच्या घरपट्टीच्या पावतीवरून मिळकत क्रमांक शोधून कळवला.

सगळ्यात कठीण गेलं ते सीनियर साहेबांकडून नोकरीबद्दलचं प्रतिज्ञापत्र मिळवणं. पुण्यात ज्युनियरला नेमणूकपत्र कोण देतं? महिन्याच्या शेवटी पाकीट द्यायचे, तेही कधी द्यायचे, कधी विसरायचे. फॉर्मवर प्रश्न होते: कामाचे आठवड्याचे तास, काम सोडण्याचं कारण, शिस्तभंगाची कारवाई झाली होती का. साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोडण्याचं कारण 'लग्न झालं' असं लिहू का? त्यांना चालेल ना?" चाललं.

सांगायचा मुद्दा हा, की अमेरिकेला यायचं ठरलं की निघण्याआधीच हे कागद गोळा करा: विद्यापीठाचं बंद पाकिटातलं ट्रान्सक्रिप्ट, बार कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट, सीनियरची सही. आणि फॉर्मवर काहीही लपवू नका. पार्किंगचा दंड, परत आलेला चेक, घरमालकाशी झालेला दावा यांच्यामुळे सनद सहसा जात नाही, लपवल्यामुळे जाते. फेडरल नोकरीच्या पार्श्वभूमी-तपासणीत पुन्हा हेच प्रश्न येतात. तेव्हा बारला दिलेलं उत्तर आणि सरकारला दिलेलं उत्तर समोरासमोर ठेवून बघतात.

कालावधीही हिशेबात धरा. जुलैच्या परीक्षेचा न्यूयॉर्कचा निकाल साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस येतो, शपथविधी त्यानंतर काही महिन्यांनी. फेडरल खातं नव्या पदवीधराला सनदेआधी लॉ क्लार्क म्हणून घेऊ शकतं, पण ती मुदत चौदा महिन्यांची असते. परीक्षेत एकदा घसरलात की ती झपाट्याने संपते.

८. सांभाळायला स्वस्त सनद घ्या

न्यूयॉर्कची नोंदणी दर दोन वर्षांनी वाढदिवसाच्या सुमारास करावी लागते, फी ३७५ डॉलर. दोन वर्षांत चोवीस तासांचं सीएलई, म्हणजे वकिलांचं सक्तीचं पुढचं शिक्षण. पण जो न्यूयॉर्कमध्ये वकिली करत नाही, त्याला ते माफ. व्हर्जिनियात दरवर्षी बारा तास, माफी नाही. मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समध्ये अशी सक्तीच नाही. वर्षाला बारा तास म्हणजे काहीच नाही, असं पंचविशीत वाटतं. दोन मुलं आणि कोर्टाची तारीख समोर असली की त्याचं वजन कळतं. बारची फी खातं भरेलच असंही नाही. कायद्याने खात्यांना ती भरायची मुभा आहे, सक्ती नाही.

फी चुकली, सदस्यत्व निलंबित झालं, तर त्या दिवसापासून तुम्ही सरकारच्याही वतीने सही करू शकत नाही. न्याय खात्याच्या वकिलांना तर आपण सक्रिय सदस्य आहोत, हे दरवर्षी लेखी द्यावं लागतं.

९. "जरा मृत्युपत्र बघून दे ना"

मेरीलँडमधल्या मराठी मंडळींना वाटतं, वकील आहे म्हणजे आपल्या घराचे कागद, मृत्युपत्र, भाडेकरूला नोटीस एवढं तर करेलच. मला करता येत नाही. फेडरल सूट फक्त सरकारी कामापुरती. त्या कामाबाहेर मेरीलँडमध्ये मी कायद्याच्या दृष्टीने एक सामान्य बाई. शिवाय सरकार पक्षकार असलेल्या प्रकरणात दुसऱ्याची वकिली करायला फेडरल नोकराला फौजदारी कायद्यानेच मनाई आहे, फुकट केली तरी. जवळच्या कुटुंबीयांसाठी मोजके अपवाद आहेत, तेही परवानगीने. एक काका माझ्यावर अजून रुसून आहेत. त्यांचं इमिग्रेशनचं प्रकरण होतं, म्हणजे नेमका सरकारशीच वाद.

ज्यांना नोकरीसोबत नातेवाइकांची, समाजाची कामं करायची हौस आहे, त्यांनी हे आधीच मनात पक्कं करावं.

१०. दुसरी सनद, अडचण येण्याआधी

जानेवारी २०२५ मध्ये फेडरल भरती गोठली, आणि त्या वर्षात आमच्या ओळखीतले कितीतरी वकील नोकरीबाहेर पडले. ज्याची सनद तो राहतो त्या राज्याची होती, त्याने पुढच्या महिन्यात खासगी काम सुरू केलं. ज्याने कुठल्या तरी लांबच्या राज्याची सोयीची सनद घेतली होती, तो डी.सी.त घर-मुलं-शाळा सांभाळत बसला. सरकारी ओळखपत्र गेलं, की ती सूटही जाते.

म्हणून पहिली सनद नोकरी बघून घ्यावी आणि दुसरी घर बघून. डी.सी. अनुभवी वकिलांना परीक्षेशिवाय घेतं. दुसऱ्या बारवर तीन वर्षं निर्वेध काढली की अर्ज करता येतो, आणि तिथे दरवर्षीचं सीएलई नाही, सुरुवातीचा एक सक्तीचा वर्ग तेवढा आहे. डी.सी. बारच्या एक लाखावर सदस्यांत असे आलेले पुष्कळ असणार. इतर बऱ्याच राज्यांतही काही वर्षांच्या वकिलीवर बिनपरीक्षा प्रवेश मिळतो. सरकारी वकिलीची वर्षं त्यात सहसा मोजतात. फ्लोरिडात मात्र असली सोय नाही. म्हातारपणी ऊन खात वकिली करायची तर पुन्हा परीक्षेला बसा.

माझा डी.सी.चा अर्ज आता भरून तयार आहे. दत्तमंदिरामागचा पत्ता या वेळी मिळकत क्रमांकासकट पहिल्याच फटक्यात लिहिला. न्यूयॉर्कहून गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट तेवढं यायचं आहे.